कुत्रा, दोन मांजरं, रांगतं बाळ आणि एकच फरशी

ताई, तुमचा प्रश्न वाचला. पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, चार वर्षांचा लॅब्राडोर, एक बोका, एक मांजरी, घरभर रांगणारं नऊ महिन्यांचं बाळ आणि सासूबाईंना दमा. दिवसातून दोनदा फिनाईल घालून फरशी पुसता, कुत्र्याला आठवड्यातून दोनदा अंघोळ घालता, तरी पाऊस सुरू झाल्यापासून दार उघडलं की वास येतो. बोका महिनाभर सोफ्याच्या एकाच कोपऱ्यात शू करतोय. आणि आता घरात ‘देऊन टाकू या कुणाला तरी’ असं बोलणं निघायला लागलंय.

मी २६ वर्षं प्राण्यांचा दवाखाना चालवतेय आणि माझ्या घरातही कायम कुत्री-मांजरं असतात. तुमची मेहनत कमी पडत नाहीये, हे आधी सांगते. ती भलत्या जागी खर्च होतेय.

एक गोष्ट धरून मी पुढचं सगळं सांगणार आहे. आपण फरशीवर फक्त पाय ठेवतो, पण हे सगळे जण फरशीवरचं खातात. मांजर फरशीवरून चालतं आणि मग निवांत बसून पंजे चाटतं. कुत्रा सांडलेले पोहे जिभेने टिपतो. बाळ हात टेकवतं आणि तोच हात तोंडात घालतं. त्यामुळे फरशी पुसायला काय वापरायचं हे ठरवताना, ते या चौघांच्या पोटात गेलेलं चालेल का, हे आधी बघायचं.

फिनाईल चालणार नाही. काळ्या फिनाईलमध्ये डांबरापासून काढलेली फिनॉल जातीची द्रव्यं असतात. पांढऱ्यात बहुतेक वेळा पाइन तेल असतं. माणसाचं किंवा कुत्र्याचं यकृत फिनॉलचा बराचसा निचरा करू शकतं, पण मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी व्यवस्था जन्मतःच तोकडी असते. थोडं थोडं चाटलं तरी ते अंगात साठत जातं. माझ्याकडे वर्षातून काही मांजरं तरी अशी येतात: तोंडातून लाळेची तार, जिभेवर फोड, पंजे लाल, दोन दिवस खाल्लेलं नाही. घरचे सांगतात, काहीतरी खाल्लं असेल बाहेर. विचारत विचारत गेलं की कळतं, नुकताच गणपतीसाठी घर धुऊन काढलं होतं, बादलीत फिनाईल जरा जास्तच पडलं होतं. क्लोरोझायलेनॉल असलेलं अँटिसेप्टिक, म्हणजे आपण जखमेवर लावतो किंवा अंघोळीच्या पाण्यात टाकतो ते, त्याच जातीतलं. फरशीच्या सुगंधी जंतुनाशकांमध्ये बहुधा बेन्झाल्कोनियम क्लोराईड असतं. ते ओलं असताना मांजराने चाटलं तर त्यानेही तोंडात फोड येतात. आणि ‘नैसर्गिक आहे’ म्हणून पाण्यात निलगिरीचं किंवा टी ट्री तेल टाकणाऱ्यांनाही मी हात जोडून नको म्हणते. कपाटातल्या डांबर गोळ्या तर कुत्रा आणि मांजर दोघांनाही विषारी आहेत.

मग वापरायचं काय? कोमट पाणी आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. त्याने एकदा पुसायचं आणि दुसऱ्या बादलीतल्या साध्या पाण्याने परत एकदा. दोन बादल्या हव्यातच. एकाच बादलीत फडकं बुचकळत राहिलं तर तिसऱ्या खोलीत आपण पहिल्या खोलीतलं घाण पाणी पसरवत असतो. तुमच्याकडे कामाला मावशी येत असतील तर त्यांना हे कारणासकट सांगा. ‘बाळ आणि मांजर दोघंही ते चाटतात’ एवढं सांगितलं की पुरतं, असा माझा अनुभव आहे. फिनाईलचा वास आला म्हणजेच काम नीट झालं, असं मालकीणबाई समजतात हे त्यांनाही ठाऊक असतं, म्हणून त्या झाकणभर जास्त ओततात.

फडकं मात्र रोज साबणाने धुऊन, पिळून, उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण वाळवा. पावसाळ्यात घरात जो आंबूस वास येतो, त्यातला बराचसा कुत्र्याचा नसतो, सिंकखाली ओलं कोंबून ठेवलेल्या फडक्याचा असतो. कुणाच्या घरी गेले आणि वासाची तक्रार ऐकली की मी आधी फडकं मागते. दोन फडकी आलटून पालटून वापरली तर पावसातही एक कोरडं मिळतं.

रोजच्या फरशीला जंतुनाशक लागत नाही. ते लागतं आजारपणात. घरात कुत्र्याच्या पिल्लाला पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणूजन्य आजार, झाला असेल तर तो विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने तग धरतो आणि फिनाईलला दाद देत नाही. तिथे ब्लीचच हवं. बाजारातलं ४-५ टक्क्यांचं ब्लीच एक भाग आणि पाणी साधारण ३० भाग. आधी साबणाने घाण पूर्ण काढायची, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं. मग फरशी १० मिनिटं ओली राहू द्यायची आणि नंतर भरपूर पाण्याने धुवायची. तोवर प्राणी आणि बाळ दुसऱ्या खोलीत. पण शू झालेल्या जागेवर ब्लीच कधीही ओतू नका. शूमधल्या अमोनियाशी मिळून त्यातून घुसमटवणारा वायू निघतो. बाथरूमच्या टाइल्ससाठी आणलेलं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर क्लोरीन सुटतो. दम्याच्या माणसाला त्याचा एक झोतही महागात पडू शकतो.

आता बोका. तुमच्या घरातला सगळ्यात निकडीचा प्रश्न मला हाच वाटतो.

मांजर सूड म्हणून सोफ्यावर शू करत नाही. बाळ आल्यामुळे ‘रागावलाय’ असं तुम्ही लिहिलंय, पण बोका इतके दिवस ठरावीक जागी जात होता आणि आता जात नाही, तर पहिला संशय मूत्रमार्गाच्या आजाराचा घ्यायचा. लघवीला जळजळ होते, ट्रेमध्ये, म्हणजे शी-शूसाठी माती घालून ठेवलेल्या पसरट डब्यात, बसलं की दुखतं, मग ट्रे म्हणजेच दुखणं असं त्याच्या डोक्यात बसतं आणि तो मऊ जागा शोधतो. आणि हे नीट लक्षात ठेवा: बोका वारंवार बसतोय, कण्हतोय आणि थेंबभरही शू होत नाहीये असं दिसलं तर सकाळ उजाडायची वाट बघू नका. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. त्याची नसबंदी झाली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल आणि तो सोफ्याकडे पाठ करून, शेपूट उभी ठेवून, थरथरवत फवारा मारत असेल, तर ती हद्द आखण्याची खूण आहे. त्या वासाला जगातलं कुठलंही क्लीनर पुरणार नाही. ऑपरेशननंतर बहुतेक बोके ते सोडतात.

तपासणीत काही निघालं नाही तर मग ट्रेकडे वळायचं. पुण्याच्या नव्या फ्लॅट्समध्ये लिटर ट्रे ठेवायची जागा जणू ठरलेली असते, ती म्हणजे ड्राय बाल्कनी. तिथेच वॉशिंग मशीन असतं. माझ्या ओळखीच्या एका घरी मांजर एक दिवसाआड पलंगावर शू करायचं. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सगळं स्वच्छ निघालं. शेवटी मी घरी जाऊन बसले. मांजर ट्रेमध्ये शिरलं आणि शेजारचं मशीन पिळायच्या फेरीत जाऊन धडधडायला लागलं. ते जे उडालं ते थेट बेडरूममध्ये. ट्रे कॉमन बाथरूमच्या दाराशी हलवला आणि दोन आठवड्यांत पलंग सुटला. कपडे तिथे एक दिवसाआड धुतले जात होते.

दोन मांजरांना तीन ट्रे असा हिशेब आहे. तुमच्या जागेत तीन जमले नाहीत तर किमान दोन तरी ठेवा, आणि ते वेगवेगळ्या जागी. शेजारी शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या लेखी एकच असतो. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट हवा. दुकानात मिळतात त्यातले बरेच लहान पडतात. प्लास्टिकचा उथळ मोठा टब घेऊन त्याची एक बाजू प्रवेशापुरती कापली तर तो स्वस्तात आणि छान होतो. सुवासिक लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालायची माती, आपल्या नाकासाठी केलेलं असतं, मांजराला ते नकोसं होतं. आणि ट्रे फिनाईलने धुतला तर मांजर त्यात पाय ठेवणार नाही आणि ठेवला तर मग पंजा चाटेल. साबण आणि गरम पाणी पुरे.

शी दिवसातून दोनदा उचला. हा फक्त वासाचा मुद्दा नाही. टोक्सोप्लाझ्मा या परोपजीवीची अंडी मांजराच्या शीमधून बाहेर पडली की संसर्ग करण्याजोगी व्हायला त्यांना एक ते पाच दिवस लागतात. रोज उचललं की तो धोका तिथेच आटोक्यात येतो. पुढेमागे दिवस गेले तर मात्र ट्रेचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. मांजर देऊन टाकायची गरज त्यासाठीही पडत नाही.

उचललेलं लिटर कमोडमध्ये टाकू नका. गुठळी होणारी माती बेन्टोनाईटची असते, ती पाण्यात फुगते आणि सबंध इमारतीची लाइन तुंबवते. कागदात घट्ट गुंडाळा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळं द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी सॅनिटरी कचरा गुंडाळून, त्यावर लाल ठिपका काढून द्या असा आग्रह धरला, तो याच कारणासाठी. आपला कचरा शेवटी कुणीतरी ताई हाताने वेगळा करत असते. प्राण्यांच्या शीलाही तोच नियम लावावा असं मला मनापासून वाटतं.

सोफ्याचं काय करायचं? शूमध्ये युरिक आम्ल असतं आणि ते वाळल्यावर स्फटिक होऊन फोममध्ये चिकटून बसतं. साबणाने वरचं सगळं जातं, ते जात नाही. हवा दमट झाली की ते पुन्हा ओल धरतं आणि वास जिवंत होतो. कोरड्या हवेत वाटतं गेला, आणि पावसात परत येतो, त्याचं कारण हे. यावर चालतं ते एन्झाईम क्लीनर, प्राण्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. ते वापरताना बहुतेक जण दोन फवारे मारून पुसून टाकतात, मग म्हणतात उपयोग नाही. शू जितकी खोल झिरपली असेल तितकंच खोल ते मुरायला हवं. फोमचं कव्हर काढा, जागा चिंब करा, वर प्लास्टिक टाकून १२ ते २४ तास तशीच ओली राहू द्या. त्यानंतर पंखा लावून पूर्ण वाळवा. गरज पडली तर पुन्हा एकदा. त्याआधी त्या जागी गरम पाणी, वाफ, व्हिनेगर, डिटर्जंट काहीही वापरू नका. उष्णतेने डाग पक्का बसतो आणि बाकीच्या द्रव्यांनी एन्झाईमचं काम बिघडतं.

पुण्यात सध्या बऱ्याच घरांतून संत्र्या-मोसंब्याच्या साली, गूळ आणि पाणी तीन महिने मुरवून बायो-एन्झाईम करतात. फरशी आणि सिंकसाठी ते उत्तमच, मीही करते. पण नाव सारखं असलं तरी काम एक नाही. ते मुख्यतः आंबलेलं आम्ल आहे, मांजराच्या शूमधले स्फटिक त्याने सुटत नाहीत. शिवाय संगमरवराची झिलई ते खाऊन टाकतं. व्हिनेगर आणि लिंबूही तसंच.

जुने डाग नेमके कुठे आहेत हे शोधायला साधा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणा. रात्री दिवे बंद करून फिरवला की शूचे डाग पिवळट हिरवे चमकतात. भिंतीच्या कडेला, पडद्याच्या खालच्या काठाला, सोफ्याच्या पायांना बघा. फरशीच्या सांध्यांमधलं साधं सिमेंट शू शोषून घेतं, तिथे चमक दिसली तर ते सांधे खरवडून इपॉक्सी ग्राऊट भरून घ्या. खर्च आहे, पण एकदाच.

लॅब्राडोरकडे येऊ. आठवड्यातून दोनदा अंघोळ बंद करा. कातडीवरचं तेल निघून गेलं की ती कोरडी होते, खाज सुटते, केस आणखी गळतात, आणि मग वासाचे जंतू फोफावतात. तीन-चार आठवड्यांतून एकदा, कुत्र्यांच्या शाम्पूने, एवढी पुरते. आपला साबण किंवा अँटिसेप्टिक नको. निरोगी कुत्र्याला उग्र वास येत नाही. येत असेल तर कान उचलून हुंगा, दात बघा, शेपटीखालच्या ग्रंथी भरल्यात का ते तपासून घ्या. लॅबच्या लोंबत्या कानात पावसाळ्यात बुरशी हमखास होते आणि वास अख्ख्या कुत्र्याचा वाटतो.

फिरून आला की दारातच टबमध्ये साध्या पाण्याने चारही पाय धुवायचे आणि बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करायचे. पावसाळ्यात हे चुकवू नका. रस्त्यावरच्या पाण्यात उंदरांची लघवी मिसळलेली असते आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो, माणसालाही. त्याची लस वेळेवर घेतलीत ना, ते कार्ड काढून बघा. लॅबची फर दुहेरी असते, वरून कोरडी वाटली तरी आतली लव ओली राहते. टॉवेल उलट्या दिशेने फिरवून कातडीपर्यंत पुसा.

केस गळणं थांबणार नाही, आणि उन्हाळा आला म्हणून त्याची फर भादरून टाकू नका. रोज १० मिनिटं ब्रश करा, म्हणजे केस सोफ्यावर न पडता ब्रशमध्ये येतील. कोरड्या केरसुणीने केस नुसते उडतात आणि पंख्यावर जाऊन बसतात. आधी व्हॅक्यूम, नसेल तर किंचित ओलं फडकं फिरवून केस गोळा करा आणि मग पुसा. सोफ्यावरून भांडी घासायचा रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने ओढला की केसांच्या वळकट्या निघतात. पांघरुणं मशीनमध्ये टाकण्याआधी झटका, नाहीतर केस फिल्टरमध्ये अडकतात.

सासूबाईंच्या दम्याबद्दल. मांजराची अ‍ॅलर्जी केसांची नसते. मांजरांच्या लाळेत आणि कातडीच्या तेलात एक प्रथिन असतं, ते चाटण्यातून केसांवर वाळतं आणि धुळीइतकं हलकं होऊन हवेत तरंगतं. मांजर घरातून गेल्यावरही ते गाद्या-पडद्यांत कित्येक महिने राहतं. म्हणून ‘आठवडाभर मांजर बाहेर ठेवून बघू’ या प्रयोगातून काहीच कळत नाही. आधी सासूबाईंच्या डॉक्टरांकडून अ‍ॅलर्जीची तपासणी करून घ्या. कदाचित फिनाईलची वाफ आणि देवघरातल्या उदबत्तीचा धूर हेच जास्त त्रास देत असतील. मांजराचीच अ‍ॅलर्जी निघाली तरी पहिली पायरी म्हणजे सासूबाईंची खोली प्राण्यांसाठी पूर्ण बंद. त्यांची चादर-उशी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायची. केर काढताना त्या खोलीत थांबायचं नाही. दमा जोरात असेल तर मात्र मी प्राण्यांची बाजू घेऊन हट्ट करणार नाही, त्यांच्या डॉक्टरांचं ऐका.

बाळासाठी तुम्ही घाबरताय तितकं घाबरू नका. जंताचं औषध कुत्र्या-मांजरांना दर तीन महिन्यांनी, लसी वेळेवर, नखं कापलेली, कुत्र्याची शी बागेतून लगेच उचललेली. गोल कृमींची अंडी मातीत पडून काही आठवडे गेल्यावरच संसर्ग करतात, म्हणून ताजी शी उचलणं हा सगळ्यात मोठा बचाव आहे. बाळाचे हात जेवणाआधी धुवा. प्राण्यांची भांडी स्टीलची घ्या आणि रोज घासा. पाण्याच्या भांड्याला आतून जो बुळबुळीत थर येतो तो नुसतं विसळून जात नाही. तोंडाला तोंड लावून चाटणं नको, बाकी खेळू दे.

शेवटचं, गोचीड. तपकिरी गोचीड आपला सगळा जन्म घराच्या आतच काढू शकते. एकेक मादी हजारांनी अंडी घालते, तीही कुत्र्यावर नाही, तर दाराच्या चौकटीमागे, स्कर्टिंगच्या फटीत, पडद्याच्या दांडीवर. म्हणून कुत्र्यावरच्या कितीही वेचल्या तरी त्या संपत नाहीत. काढलेली गोचीड नखाने चिरडू नका, चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाका. फटी बुजवा, कडेकडेने व्हॅक्यूम फिरवा, आणि कुत्र्याला डॉक्टरांनी दिलेलं औषध महिन्याच्या महिन्याला द्या. पण कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं आणि ते मांजराला मारक आहे. कुत्रा आणि मांजरं एकाच चटईवर झोपत असतील तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. कुत्र्याचं उरलेलं औषध बोक्याला अर्धं टाकलं, असं सांगत झटके येणारं मांजर घेऊन आलेली माणसं मी पाहिलीत. पेस्ट कंट्रोलवाल्यांनाही फवारणीआधीच घरात मांजरं आहेत हे कळवा.

सगळं एकदम करायला घेऊ नका. उद्या बोक्याला दवाखान्यात न्या. जाण्याआधी दोन तास त्याला शू करू देऊ नका, म्हणजे लघवीचा नमुना घेता येईल. ते जमलं नाही तर ट्रे स्वच्छ धुवा, त्यात माती न घालता तो रिकामा ठेवा आणि जे मिळेल ते सुईशिवायच्या सिरिंजने ओढून स्वच्छ डबीत न्या. नमुना तासाभरात पोचला पाहिजे. त्यात काय निघतं त्यावर सोफ्याचं ठरवू.